नावं बदलून वाच

गुरुवारी सकाळी मोजणीदारांनी पेपर उघडला, आतल्या पानावर आले, चष्मा काढून पुसला, परत वाचलं आणि हातातला कप बशीत न ठेवता टेबलावरच ठेवला. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती, पण नवऱ्याने कप बशीबाहेर ठेवलेला बाईंनी कधी पाहिला नव्हता.

"काय झालं हो?"

"हे मी लिहिलंय?"

बाईंनी पेपर ओढून घेतला. मोतीबिंदू काढून दहाच दिवस झाले होते, उजव्या डोळ्याला अजून थोडं धुरकट दिसत होतं. पण चौकट ठळक होती. पानाच्या अगदी डोक्यावर, मथळ्यासकट: "एका ज्येष्ठाने उपटलेले कान". खाली मोजणीदारांचं पूर्ण नाव, निवृत्त भूमापक. पत्र मोजणीदारांचंच होतं, शब्द न् शब्द त्यांचा. फक्त जिथे नवा पक्ष हवा तिथे जुना होता आणि जुना हवा तिथे नवा.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "उलटं गेलं."

हे उलटं-सुलटं प्रकरण समजायचं तर थोडं मागे जावं लागेल. याच पेपरच्या प्रूफखात्यात बाईंनी तीस वर्षं काढली. तळमजल्यावरची लांबोडकी खोली, हिरव्या शेडचे दिवे, शाईचा वास, आणि टेबलाला टेबल लावून बसलेल्या जोड्या. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापलेल्या ओळीवर पेन्सिल फिरवायची. प्रूफखात्याचे मुख्य अण्णा. बुटके, दमेकरी, आणि रागावले की आवाज आणखी खाली आणणारे. राजकारणाची बातमी आली की त्यांचा एक नियम होता. ती एकदा आहे तशी वाचून झाली की ते म्हणायचे, "आता नावं बदलून वाच." म्हणजे या पक्षाच्या जागी तो, त्या पुढाऱ्याच्या जागी हा. "जिथे जीभ अडखळेल," अण्णा म्हणायचे, "तिथे बातमी वाकडी आहे. पेन्सिल टेकवा आणि वर पाठवा." वरचे उपसंपादक वैतागायचे. पण अण्णा होते तोवर कागद वर जायचे आणि सरळ होऊन खाली यायचे.

अण्णा गेले, प्रूफखातं बंद झालं, यंत्रं आली. त्या खोलीत आता जुन्या खुर्च्या ठेवतात म्हणे. बाईंनी मात्र तो नियम घरी आणला. मोजणीदार जुन्या पक्षाचे, अगदी कट्टर. पेपर नव्या पक्षाकडे झुकलेला. त्यामुळे सकाळ झाली की मोजणीदारांचा पारा चढलेला असायचा.

"जुनं म्हणजे मागासलेलं, हे ठरवलं कोणी?" ते म्हणायचे. "बदल नको असं माझं म्हणणं नाही. पण हद्दीचा दगड उपटण्याआधी तो कोणी रोवला, का रोवला, एवढं तरी विचारा. विचारून पटलं नाही तर उपटा. हे लोक आधी उपटतात आणि मग आपल्यालाच विचारतात, दगड कुठे होता!"

बाईंना हे पटायचं. त्यांचं स्वतःचंही मत याहून फार वेगळं नव्हतं. पण नवऱ्याने पेपरला पत्र लिहिलं की ते कॉम्प्युटरवर टाइप करून त्या त्याची दुसरी प्रतही करायच्या, नावं फिरवलेली, आणि मोजणीदारांना मोठ्याने वाचायला लावायच्या. "हेच वाक्य आपल्या पक्षाबद्दल कोणी लिहिलं तर चालेल का तुम्हाला?" नाही म्हणाले की वाक्य कटाप. मोजणीदार कुरकुरायचे, पण ऐकायचे. चाळीस वर्षं जमीन मोजलेला माणूस. गरिबाच्या शेताला मोजणीची एक साखळी आणि सावकाराच्या शेताला दुसरी, हे त्यांना कधी खपलं नव्हतं.

त्या महिन्यात शहरात दोन सभा उधळल्या गेल्या होत्या, एक नव्या पक्षाच्या पोरांनी, एक जुन्या पक्षाच्या. दोन्हीकडे खुर्च्या मोडल्या, दोन्हीकडे वक्त्याला मागच्या दाराने पळावं लागलं. पेपरने एकीला म्हटलं "तरुणाईचा संताप" आणि दुसरीला "झुंडशाही". कुठलीला काय म्हटलं ते सांगायला नको. मोजणीदारांनी लिहिलं: "नव्या पक्षाच्या मुलांनी सभा उधळली की तो संताप, आणि जुन्या पक्षाच्या मुलांनी उधळली की झुंडशाही. आमच्या लोकांनीही चूकच केली. पण मोडलेली खुर्ची ही मोडलेली खुर्ची असते. काही वर्तमानपत्रे ती कोणी मोडली ते पाहून तिला नाव देतात. मोजायचे तर साखळी एकच हवी." पत्र उलटं करून वाचलं, आणि एकही वाक्य कापावं लागलं नाही. मोजणीदार खूश झाले. बाईंनी डोळ्यात औषध घातलं, पाच मिनिटं डोळे मिटून बसल्या, मग उठून पत्र पाठवलं. "सुलट" नावाच्या फाइलऐवजी "उलट" नावाची. तीस वर्षांत ज्यांच्या नजरेखालून साधा स्वल्पविराम निसटला नव्हता, त्यांच्या हातून.

"याआधी तीन पत्रं पाठवली," मोजणीदार म्हणाले. "सुलटी. तिन्ही केराच्या टोपलीत. आणि हे चौथं उलटं गेलं तर पानाच्या डोक्यावर! चौकटीत! बघितलंस? मी काय म्हणत होतो?"

"तुम्ही बरोबरच म्हणत होता हो. पण आता तुमचं नाव—"

तेवढ्यात फोन वाजला.

फोनवर बेबी होती. चाळिशी ओलांडलेल्या मुलीला कोणी बेबी म्हणतं का, असं जावई विचारायचा, पण घरात तिला दुसरं नावच नव्हतं. ती याच पेपरात वाचकांच्या पत्रांचं पान बघायची. आठ महिन्यांपूर्वी रविवारच्या जेवणात तिच्या एका मथळ्यावरून बापलेकीचं वाजलं. "तुमच्या पेपरात मी चपलासुद्धा गुंडाळणार नाही," मोजणीदार म्हणाले. "मग नका गुंडाळू," म्हणून ती अर्ध्या पानावरून उठली. त्यानंतर रविवारी तिची खुर्ची रिकामीच. बाई ती रोज पुसायच्या.

"आई," बेबी म्हणाली. "बाबांना सांग, मी रविवारी येते. मला वाटलं नव्हतं गं. या वयात माणूस स्वतःच्या बाजूचे कान उपटतो... आमच्या संपादकांनी मीटिंगमध्ये वाचून दाखवलं, बाबांचं पत्र. मी नुसती बघत राहिले."

खरं सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. बाईंनी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "बटाट्याची भाजी करू ना? तुझ्या आवडीची?"

पुढचे तीन दिवस घरात विचित्र गेले. मोजणीदार बागेतल्या बाकावर जाईनात. शुक्रवारी त्यांचा बाकावरचा दोस्त, निवृत्त वकील, स्वतःच घरी आला.

"काय मोजणीदार? निवडणुकीला उभे राहताय का नव्या पक्षाकडून? हार घेऊन येऊ?"

"वकील, गप्प बसा."

"वहिनी, यांना औषध बदलून मिळालंय का हो? नाही, काही गोळ्यांनी माणूस बदलतो म्हणतात."

वकील हसत हसत गेला, पण मोजणीदारांचा चेहरा पडला. त्यांनी कागद घेतला आणि खुलासा लिहिला. चारच ओळी, माझ्या पत्रात नावांची अदलाबदल झाली आहे, कृपया दुरुस्ती छापावी.

"आजच पाठव."

"सोमवारी पाठवू," बाई म्हणाल्या.

"चाळीस वर्षांत कोणी म्हटलं नाही की यांनी हद्द हलवली. आता सगळं गाव म्हणतंय."

"अहो, पोरगी येतेय. आठ महिन्यांनी."

मोजणीदारांनी कागदाची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

रविवारी बेबी आली ती बाबांसाठी लोकरीचे मोजे घेऊन. स्वतः विणलेले, एक जरा लांब, एक आखूड. आल्या आल्या तिने वाकून बाबांच्या पायात घालूनच पाहिले. मोजणीदारांनी पाय पुढे केले, लहान मुलासारखे. जेवायला तिघं बसली. रिकाम्या खुर्चीत माणूस आलं की खोली केवढी होते, ते बाईंना त्या दुपारी कळलं.

"बाबा, एक सांगू?" बेबी म्हणाली. "मी तुम्हाला हट्टी समजत होते. ऑफिसात सगळ्यांना सांगायची, आमचे बाबा म्हणजे दगड. आता सांगते, माझ्या बाबांइतका धीट माणूस नाही."

मोजणीदारांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. बाईंचा घास हातातच राहिला. हात खिशावर थांबला, तिथेच जरा थोपटल्यासारखा हलला, आणि खाली आला.

"मीठ दे जरा," मोजणीदार म्हणाले. "मोजे छान आहेत. ऊबदार आहेत."

ज्या माणसाने एका बांधाच्या वितभर जमिनीसाठी साहेबाशी भांडून बदली पत्करली होती, तो पोरीसाठी आपलं नाव गिळत होता, भाजीबरोबर. बाईंना हे बघवेना. चूक त्यांची होती, आणि किंमत हा मोजत होता.

त्या उठल्या. कपाटातून गुरुवारचा पेपर काढला आणि बेबीच्या ताटाशेजारी ठेवला.

"बेबी, तू आठ वर्षांची असताना शाळा सुटली की माझ्याकडे प्रूफखात्यात यायचीस. अण्णा तुला मांडीवर घेऊन काय करायला लावायचे, आठवतं?"

बेबी हसली. "नावं बदलून वाच! मला गोळी मिळायची, न अडखळता वाचलं की."

"मग हे वाच. नावं बदलून."

"आई, आत्ता?"

"आत्ता."

"अगं, राहू दे ना," मोजणीदार पुटपुटले.

बेबी वाचू लागली. सुरुवातीला खेळत, अण्णांची नक्कल करत, दम लागल्यासारखी. मग आवाज हळू झाला. "नव्या पक्षाच्या मुलांनी सभा उधळली की तो संताप, आणि जुन्या पक्षाच्या..." ती थांबली. तिने पुढची दोन वाक्यं मनातल्या मनात वाचली. बापाकडे पाहिलं. बाप मोज्यांकडे बघत होता.

"हे असं होतं," ती म्हणाली.

"मी पाठवताना चुकले गं," बाई म्हणाल्या. "डोळ्यात औषध होतं. यांना दोष देऊ नकोस. हे शुक्रवारीच खुलासा पाठवायला निघाले होते, मी थांबवलं. तू यावीस म्हणून."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता.

"सुलटं आलं असतं," बेबी सावकाश म्हणाली, "तर तिसऱ्या ओळीला मी बाजूला टाकलं असतं. 'नेहमीचीच कुरकुर' म्हणून. आधीची तीन टाकली तशी." तिचे डोळे भरले होते, पण रागाने की कशाने ते बाईंना कळेना. "आणि मला वाटलं, तुम्ही बदललात."

"नाही गं," मोजणीदार म्हणाले. "मी आहे तिथेच आहे. पण पोरी, आमच्या लोकांनी चूक केली, हे वाक्य दोन्हीकडे माझंच आहे. तेवढं खरं धर."

बेबीने हात पुढे केला. "खिशातलं द्या."

"काय?"

"बाबा, तुमचा हात तीनदा गेला तिकडे. द्या."

खुलासा तिने वाचला, पर्समध्ये टाकला आणि ती उठली. भाजी तशीच राहिली. दारात चपला घालताना मागे न बघता म्हणाली, "सुलटं पत्र मला पाठव, आई. आधी चष्मा लाव."

दार लागलं. मोजणीदार म्हणाले, "पुन्हा अर्ध्या पानावरून." बाईंनी चष्मा लावला, दोनदा तपासलं, आणि पत्र पाठवलं. सोमवारी काही आलं नाही. मंगळवारी नाही. खुर्ची त्यांनी पुसली नाही, हात धजावला नाही.

बुधवारी सकाळी मोजणीदारांच्या ओरडण्याने त्या स्वयंपाकघरातून धावत आल्या. आतल्या पानावर, अगदी तळाशी, पाळीव कुत्र्यांबद्दलच्या एका पत्राखाली, पत्र छापलं होतं. सुलटं. शेवटी दोन ओळी: "गेल्या गुरुवारी हे पत्र पक्षांच्या नावांची अदलाबदल होऊन प्रसिद्ध झाले होते. आज ते लेखकाच्या मूळ शब्दांत देत आहोत." चौकट नाही, मोठा मथळा नाही.

मोजणीदारांनी टेबलाच्या खणातून पट्टी काढली. जुनी, पितळी कडेची, ऑफिसातली. गुरुवारचं पत्र मोजलं, आजचं मोजलं.

"साडेअठरा आणि सात!" ते म्हणाले. त्यांचा चेहरा लग्नात होता तसा उजळला होता. "तेच शब्द! एक अक्षर कमी नाही! उलटं ते साडेअठरा सेंटिमीटर आणि सुलटं ते सात! वकिलाला दाखवतो. आत्ताच जातो."

फोन वाजला. बाईंनी उचलला.

"मोजलं ना त्यांनी?" बेबी म्हणाली.

"हो."

"किती?"

"सात."

"साडेसात होतं, खालून कापलं. आई, दोन दिवस भांडले मी. संपादक म्हणाले, खुलासा चालेल, पत्र कशाला पुन्हा. मी म्हटलं, साहेब, आपण ते मीटिंगमध्ये मोठ्याने वाचलं होतंत, आता नावं बदलून वाचा. वाचलं नाही त्यांनी. पण छापू दिलं." ती जराशी हसली. "बाबांना सांग, त्यांचं सगळं मला पटलेलं नाही. निम्मंसुद्धा नाही. रविवारी येते भांडायला."

बाईंनी फोनवर हात ठेवला. "अहो, ती रविवारी येतेय. भांडायला."

मोजणीदार दारात उभे होते, काखेत दोन्ही पेपर, पायात एक लांब आणि एक आखूड मोजा.

"तिला म्हणावं, या वेळी पूर्ण जेवून भांड," ते म्हणाले आणि बाकाकडे निघाले.

बाईंनी ते तसंच्या तसं सांगितलं. मग फडकं घेऊन खुर्ची पुसली.