स्वखुशीने

अपिलाच्या कागदांचा गठ्ठा शनिवारी सकाळी टपालाने आला. एकशे बारा पाने, प्रत्येकाच्या कोपऱ्यात क्रमांक. अंबरीश लायब्ररीत गेला होता. पाकीट त्याच्या नावाचे होते. मी ते फोडले. लग्नाच्या सोळा वर्षांत मी असे प्रथमच केले, आणि ते किती सहज केले याचे मला नंतर भय वाटले.

एप्रिलमध्ये माझ्या नवऱ्याची, अंबरीशची, इंग्लंडमधल्या रीडिंग शहरातली नोकरी संपली. त्याने बेकारभत्त्यासाठी अर्ज केला. तेरा आठवडे काहीही मिळणार नाही, असे उत्तर आले. कारण त्याने नोकरी स्वखुशीने सोडल्याचे कंपनीने कळवले होते. फेरविचाराची विनंतीही फेटाळली गेली. आता न्यायाधीशांपुढे अपील होते, आणि त्यात अंबरीशने लिहिले होते : मला राजीनामा द्यायला भाग पाडले.

मला मात्र त्याने एप्रिलमध्ये सांगितले होते, "सोडली. कंटाळलो होतो."

दोन्ही वाक्ये एकाच माणसाची. त्यांतल्या कुठल्या वाक्यासोबत मी राहत होते, हे कळणे मला भत्त्याहून अधिक निकडीचे होते.

एकोणसत्तराव्या पानावर मॅनेजरचे निवेदन होते. शेवटच्या दिवशी या कर्मचाऱ्याने सर्वांना मिठाई वाटली. आनंदाच्या प्रसंगी आमच्याकडे अशी प्रथा आहे, असे त्यानेच सांगितले.

पेढे. ऑफिसात निरोपाला हवेत म्हणाला, म्हणून ते मीच लंडनजवळच्या हाउन्सलोहून आणून दिले होते.

दुपारी तो परतला आणि उघडे पाकीट पाहून दारातच थांबला.

"माझं पाकीट फोडलंस?"

"भाग पाडलं होतं, तर पेढे कसले वाटलेस?"

तो कोट न काढताच खुर्चीवर बसला. "मग काय करायचं होतं? बारा वर्षं ज्यांच्यासोबत डबा खाल्ला, त्यांच्यासमोरून मान खाली घालून निघायचं? म्हटलं, नवीन काहीतरी सुरू करतोय. टाळ्या वाजवल्या त्यांनी."

"आणि मी? मीही टाळ्या वाजवणाऱ्यांतलीच?"

"वरदा, एचआरनं बंद खोलीत सांगितलं. महिनाअखेरपर्यंत राजीनामा दे, नाहीतर काढून टाकू, आणि पुढच्या नोकरीसाठीच्या रेफरन्समध्ये तसंच लिहू. कागदावर काहीच नाही."

"कागदावर नाही, हे फार सोयीचं आहे."

"कंपनीच्या वकिलासारखी बोलतेस."

"वकिलाला निदान फी मिळते."

संशय हा फार नीटनेटका पाहुणा असतो. तो काही मोडत नाही; प्रत्येक वस्तू उचलून तिच्याखाली पाहतो आणि पुन्हा जागेवर ठेवतो. पुढचे तीन आठवडे मी तशीच वावरले. एकच प्रश्न सोमवारी विचारायचा, गुरुवारी पुन्हा विचारायचा. उत्तरे शब्दशः जुळत होती. आठवण इतकी जुळत नाही, पाठांतर जुळते, असे मला वाटू लागले.

सुनावणी फोनवर होती, बुधवारी अकराला. फोन स्पीकरवर ठेवून आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसलो. न्यायाधीशबाईंचा आवाज मऊ होता. प्रत्येक उत्तरामागून कळफलकाची टकटक ऐकू येई. मिठाईचा प्रश्न आला तेव्हा अंबरीश अडखळला. मग त्यांनी विचारले, "तुमच्या पत्नी तिथे आहेत ना?" आणि मग मला, "नोकरी सोडली तेव्हा यांनी तुम्हाला काय सांगितलं?"

अंबरीशने माझ्याकडे पाहिले. मी नजर फोनवर ठेवली.

"स्वतःहून सोडली, असं सांगितलं."

टकटक थांबली. "तुमचा विश्वास बसला?"

"तेव्हा बसला. बसायला नको होता. हा माणूस दुकानातून फोन करून विचारतो, दूध कमी सायीचं, हिरव्या झाकणाचं घेऊ की निळ्या? सोळा वर्षांत त्यानं बूटसुद्धा मला न विचारता घेतले नाहीत. तो मला न विचारता नोकरी सोडेल, हे शक्यच नाही. त्याला लाज वाटली, म्हणून तो खोटं बोलला. ऑफिसात, आणि माझ्याशी."

बोलता बोलताच मला कळले, की हे खरे आहे. अंबरीशचे कान लाल झाले होते.

दहा मिनिटांच्या विरामानंतर निकाल आला. राजीनामा स्वखुशीचा नव्हता, अपील मंजूर.

फोन बंद झाला. त्याने टेबलावरून माझा हात धरला. "विश्वास ठेवलास माझ्यावर."

"साक्ष दिली," मी हात सोडवून घेत म्हणाले. "आता जे त्यांनी विचारलं नाही, ते मी विचारते. त्या बंद खोलीत तुला कधी बोलावलं होतं? तारीख सांग."

या प्रश्नाच्या उत्तराचे पाठांतर त्याने केलेले नव्हते.

"सहा मार्च."

सात मार्चला, याच टेबलावर, त्याच्या पगारात भागेल असा हिशेब करून, हॉस्पिटलमधले माझे कामाचे दिवस पाचांवरून तीनांवर आणण्याचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून लिहिला होता. त्याचे इंग्रजी अंबरीशनेच सुधारून दिले होते.