मोटरीवरचं लहान चाक

खुशालनं मोटरीला बोट लावलं आणि झटकन तोंडात घातलं. ट्रक तलावाच्या पाळीवर अर्ध्या चढात मुका होऊन उभा होता. हौद्यात धानाची पुरचुंडी, बॅटरी भरलेली, तरी गाडी हलायला तयार नव्हती. पाळीवर बसलेल्या रुखमिणीनं विचारलं, "जळली का?"

"जळत नाई ते. गरम झाली का आपोआपच बंद पडते."

"मंग तुमच्यासारखीच हाये," ती म्हणाली.

रिमोटवर चालणारा हा हातभर लांबीचा ट्रक त्यांच्या लेकीनं, डिंपलनं, नागपूरहून बापासाठी पाठवला होता. आत ब्रशलेस मोटर, म्हणजे ताकद दांडगी आणि आवाज कमी.

खुशाल एसटीत ड्रायव्हर होता. हयात स्टेअरिंगमागं गेली, पण शेवटी शेवटी एका डोळ्यानं दगा दिला. त्याला डेपोच्या फाटकावर बसवलं आणि तिथूनच तो निवृत्त झाला. ज्या फाटकातून रुबाबात गाडी काढायची, तेच दुसऱ्यांसाठी उघडायचं, हे त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं. म्हणून दिवाळीनंतरच्या सानगडीच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, या वर्षी बैलांच्या शर्यतीच्या पटासारखा 'रिमोटचा पट' ठरला, तेव्हा त्यानं सगळ्यांच्या आधी नाव दिलं. धान कापलेल्या शेताच्या बांधीतून धावत यायचं आणि ओझं घेऊन पाळ चढायची. भरलेली गाडी आपण अजून चढावर नेऊ शकतो, हे त्याला एकदा गावासमोर दाखवायचं होतं.

ट्रकच्या डब्यात मोटरीवर बसवायची तीन दातेरी चाकं आली होती: लहान, मधलं आणि मोठं. खुशालनं विचारही न करता मोठं उचललं होतं. बसचा गिअरबॉक्स उघडलेला त्यानं किती तरी वेळा पाहिला होता, आणि त्यात पहिल्या गिअरचं चाक सगळ्यांत मोठं असतं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. पहिला गिअर म्हणजे ताकद, म्हणून ताकद म्हणजे मोठं चाक. हिशेब सरळ होता आणि साफ उलटा होता.

घरी येऊन त्यानं लेकीला फोन लावला. सगळं ऐकून ती हसली नाही, हा तिचा मोठेपणा.

"बाबा, हे गिअरबॉक्समधलं चाक नाई. सायकलच्या पायडलापाशी असते ना, ते समजा. ते मोठं लावलं तं गाडी पळते, पण चढावर पायाचे टोंगळे कोनाचे दुखतेत?"

"माहेच," खुशाल म्हणाला आणि स्वतःच हसत सुटला.

हसून झालं तरी पेच सुटला नव्हता. लहान चाक लावलं तर चढ निघणार, पण सपाटीवर गाडी रांगणार. बसमध्ये सोय होती. चढ लागला की गिअर खाली आणावा, रस्ता मोकळा झाला की वर टाकावा. इथं गिअर घरीच ठरवायचा आणि सगळ्या वाटेला तोच पुरवायचा. त्यातून मोबाइलच्या दुकानवाल्या प्रवीणची गाडी वाऱ्यासारखी पळते, अशी गावभर चर्चा होती. मंडईच्या आदल्या संध्याकाळी खुशालनं मोठं चाक लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"लोक हासतीन ना," तो म्हणाला.

रुखमिणी लसूण सोलत होती. "तुमी फाटकावर बसले, तवा हासले का लोक?"

तेव्हा कोणीच हसलं नव्हतं. सगळ्यांना त्याची कीव आली होती आणि तेच त्याला सोसलं नव्हतं. त्यापेक्षा हसणं परवडलं. त्यानं लहान चाक बसवलं.

दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजली आणि बाकीच्या गाड्या धूळ उडवत निघून गेल्या. खुशालची मागून डुलत निघाली. कोणी तरी विचारलं, मामाजी, धक्का मारू का, आणि सगळी बांधी खदखदून हसली. खुशालही हसला, पण रिमोटवरचा अंगठा त्यानं ढळू दिला नाही. चढावर मात्र एकेक गाडी गप्प पडू लागली. एक उलटली आणि तिचं धान सांडलं. प्रवीणची तेवढी वेगाच्या जोरावर वर पोचली आणि पहिली आली. तिच्या बऱ्याच मागून, एकाच चालीत, कुठंही न थांबता खुशालची गाडी पाळीवर आली. तोवर अर्धे लोक जिलेबीकडे वळले होते. खुशालला त्याचं काही वाटलं नाही. भरलेली गाडी चढून आली होती.

रुखमिणीनं हौद्यातलं धान काढून तिथं मंडईत घेतलेल्या बांगड्यांची पिशवी ठेवली. त्याच्या उभ्या नोकरीत ती एकदाही त्याच्या बसमध्ये बसली नव्हती. तिला गाडी लागायची.

"हळू न्या," ती म्हणाली. "काचेच्या हायेत."

दोघं घराकडे निघाली. पुढं ट्रक, त्याच्या बरोबरीनं रुखमिणी आणि मागं रिमोट धरून खुशाल. वळणावर धानाची पोती भरलेला ट्रॅक्टर समोरून आला. खुशाल गाडी कडेला घेणार, एवढ्यात ट्रॅक्टरवाल्यानंच ट्रॅक्टर बाजूला दाबून साइड दिली आणि एक ड्रायव्हर दुसऱ्याला करतो तसा हात वर केला. खुशालचे दोन्ही हात रिमोटवर होते.

रुखमिणीनं आपला हात वर केला.