दहा मिनिटांची हवा

मी खिडकीची मूठ बोलतेय. लोक मला हँडल म्हणतात, म्हणोत बापडे. आधीच सांगून ठेवते, रडगाणं ऐकायला बसला असाल तर उठा. मला खिडकीवरून उपटून काढलं, बादलीत टाकलं, चोरीचा माल म्हणून पकडलं. अ‍ॅल्युमिनियमची असूनही मी वाकले नाही.

माझा जन्म फेलबर्टचा. कुलपं, कड्या, बिजागऱ्या करणाऱ्यांचं गाव ते. साच्यातून बाहेर पडले, अंगावर पांढरा रंग चढला आणि पोटात सात मिलिमीटरची चौकोनी पोलादी दांडी बसली. खिडकीच्या चौकटीला तेवढंच चौकोनी भोक असतं. दांडी त्यात शिरली की खिडकी माझं ऐकते. देशभर हे माप एकच. त्यात विशेष ते काय, असं मला तेव्हा वाटायचं.

तिथून मी आले डुइसबुर्गला, ब्रिंकमान हॉटेलात, तिसऱ्या मजल्यावरच्या सदतीस नंबरच्या खोलीत. समोर रेल्वेचे रूळ, पलीकडे पोलादाचा कारखाना. खोलीत अरुंद पलंग, टेबल, खुर्ची, एक किटली. इथे कोणी मधुचंद्राला येत नाही. फिटर येतात, वेल्डर येतात, बॉयलर तपासणारे येतात, बेअरिंगं विकणारे येतात. रविवारी संध्याकाळी बॅगा टाकतात आणि शुक्रवारी दुपारी घराकडे पळत सुटतात.

माणूस कसा आहे हे मला त्याच्या पहिल्या स्पर्शातच कळतं. दार लावून आधी माझ्याकडे येतो तो इथला. आधी टीव्हीकडे जातो तो बाहेरचा. माझी तोंडं तीन. खाली वळवलं की खिडकी बंद. आडवं केलं की सताड उघडी. वर केलं की खिडकी वरच्या अंगाने जराशी आत कलते आणि तशीच राहते. हे तिसरं ज्याला ठाऊक नाही त्याची गंमत होते. लांबच्या देशातून आलेल्या एका इंजिनियरने मला वर फिरवलं, खिडकी अंगावर आल्यासारखी वाटली, आणि बिचारा दोन्ही हातांनी ती धरून मदतीला हाका मारत उभा राहिला.

धावत आल्या त्या पिचिकबाई. खोल्या झाडणाऱ्या, पलंग आवरणाऱ्या.

"सोडा साहेब," त्या म्हणाल्या, "तीस वर्षं पडतेय असंच वाटतंय, पण पडत काही नाही ती."

गुड्रुन पिचिक याच शहरातल्या, कारखान्याच्या सावलीत वाढलेल्या. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, जिभेने तिखट. रोज खोलीत आल्या की आधी दार उघडं ठेवायच्या, मला आडवी करायच्या, दुलई चौकटीवर टाकायच्या आणि घड्याळ बघायच्या. दहा मिनिटं. हिवाळा असो, बर्फ असो, दहा मिनिटं म्हणजे दहा. त्याहून एक मिनिट जास्त नाही, कारण भिंती गार पडतात. दहा मिनिटांनी खोलीतली शिळी हवा, ओल्या मोज्यांचा वास, कुणाचं घरच्यांशी फोनवर झालेलं भांडण, सगळं रुळांपलीकडे गेलेलं असायचं. त्यांच्या तळव्याने माझा रंग एका बाजूने उडाला. मला त्याचा अभिमान आहे.

माझ्या खोलीत बारा वर्षं एकच पाहुणा उतरतो. लोथार ब्रेमे, झूल गावचा फिटर. दर रविवारी येतो, सॉसेजचा डबा टेबलावर ठेवतो आणि मला वर करतो. उघड्या खिडकीशिवाय त्याला झोप म्हणून लागत नाही. बारा वर्षांत पिचिकबाई त्याला "ब्रेमेसाहेब" आणि तो त्यांना "पिचिकबाई", यापुढे गाडी गेलेली नाही. पण सुट्टीवरून येताना तो त्यांच्यासाठी गावची मोहरीची चटणी आणतो, आणि त्या त्याची उशी सगळ्यांत जाड ठेवतात.

मग म्हाताऱ्या ब्रिंकमानबाईंनी हॉटेल चालवायला दिलं आणि टिलमान ओवरबेक आले. तरणेताठे, नीटनेटके, वाईट नाहीत. आकड्यांवर मात्र जीव. आल्या आल्या त्यांनी न्हाणीघरांत हवा ओढणारी यंत्रं बसवली आणि फतवा काढला की खिडक्यांतून ऊब पळते, तेव्हा खिडक्या बंद. नुसतं सांगून ऐकणार कोण, म्हणून नोव्हेंबरात सगळ्या खोल्यांच्या मुठी काढायला लावल्या. अन्याय नको म्हणून सगळ्यांत आधी स्वतःच्या ऑफिसची काढली. दारांमागे कागद चिकटवला: "प्रिय पाहुणे, आपल्या सोयीसाठी खिडक्या बंद ठेवल्या आहेत."

सोय! मला बादलीत फेकलं तेव्हा माझ्या खाली आणि वर माझ्या बहिणी होत्या. तळघरात नेऊन ठेवा, असं पिचिकबाईंना सांगण्यात आलं. बादली त्यांनीच उचलली. जिन्याच्या वळणावर थांबल्या, हात घातला, रंग उडालेली मी हाताला ओळखीची लागले, आणि मी एप्रनच्या खिशात गेले.

ऐका, त्यानंतरचे तीन महिने म्हणजे माझ्या आयुष्यातला उत्तम काळ. आधी माझ्या नावावर एक खिडकी होती, आता अख्खं हॉटेल आलं. खिशात पेपरमिंटच्या गोळ्या आणि पेन्सिलीचं थोटूक यांच्या सोबतीने मी खोलीखोलीतून हिंडायची. बाई मला भोकात खुपसायच्या, आडवी करायच्या, दहा मिनिटं खोली श्वास घ्यायची, मग पुन्हा बंद आणि मी खिशात. एकेका खोलीत काय कोंडलेलं असायचं म्हणता! न्हाणीघरातलं यंत्र घरघरत होतं खरं, पण फिटरच्या बुटांसमोर त्याची काय टाप?

ओवरबेकसाहेबांना हीटरच्या आकड्यांवरून संशय आला. त्यांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, "कुणाकडे हँडल सापडलं तर त्या माणसाला मी कामावर ठेवणार नाही. स्पष्ट सांगतोय."

पिचिकबाईंचा हात खिशावरून गेला. त्यांच्या पेन्शनला चौदा महिने होते. एकट्या राहत होत्या, आणि त्रेसष्टाव्या वर्षी गुडघे दुखणाऱ्या बाईला दुसरं कुठलं हॉटेल घेणार? त्या दिवशी त्यांनी मला तळघरात टाकलं असतं तर मी त्यांना दोष दिला नसता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला पुन्हा भोकात खुपसलं. जरा जोरातच.

त्या पकडल्या गेल्या ते मात्र स्वतःच्या शिस्तीपायी. चोराने वेळ पाळू नये हे त्यांना कोण सांगणार? रोज नऊला पहिला मजला, दहाला दुसरा, अकराला तिसरा, डावीकडून उजवीकडे, प्रत्येक खिडकी दहा मिनिटं. मागच्या अंगणातून बघणाऱ्याने घड्याळ लावून घ्यावं. ओवरबेकसाहेबांनी दोन सकाळी गाडीत बसून बघितलं, कागदावर वेळा लिहिल्या, आणि फेब्रुवारीतल्या एका बुधवारी बरोबर अकरा वाजून चाळीस मिनिटांनी सदतीस नंबरच्या खुर्चीत जाऊन बसले.

बाई ट्रॉली घेऊन आत आल्या. त्यांना बघून थबकल्या. मी खिशातच राहिले असते तर निभावलं असतं, पण मी आधीच त्यांच्या हातात होते.

"द्या इकडे," साहेब म्हणाले.

"आधी खोली होऊ दे."

"पिचिकबाई, तुम्हाला मी स्वच्छ सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत. मीही स्वच्छ सांगते." बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माझी आई दिवसातून दोनदा खिडकीची चौकट पुसायची. फडकं काळं व्हायचं. आम्हा पोरांना खिडकी उघडली म्हणून फटके मिळायचे, कारण बाहेर काजळी. धुतलेल्या चादरी आम्ही घरात वाळवल्या. माझं अर्धं आयुष्य गेलं तेव्हा कुठे या शहरात खिडकी उघडण्याजोगी हवा आली. आणि ती तुम्ही स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बंद करायला निघालात?"

साहेबांनी त्यांच्या हातातून मला काढून घेतलं. मग म्हणाले, "शुक्रवारी कामानंतर ऑफिसात या. पत्र तयार असेल."

"कामावरून काढायला लेखी लागतं. सहीचं. तोंडी चालत नाही," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे मला."

"माहीत असावं म्हणून सांगितलं."

असं माझं त्यांच्या ऑफिसात जाणं झालं. पिचिकबाईंच्या नावाचं पत्र छापून झालं होतं, फक्त सही राहिली होती. साहेबांनी ते टेबलावर ठेवलं आणि उडू नये म्हणून वर मला ठेवलं. मला! त्यांच्या नोकरीवर वजन म्हणून मी. इतका संताप मला जन्मात आला नव्हता.

ऑफिस नाश्त्याच्या खोलीला लागून आहे. त्यामुळे गुरुवारी सकाळी सहा वाजता जे झालं ते मी शब्दन् शब्द ऐकलं. ब्रेमे अंड्याचं टोक चमच्याने उडवत होता. साहेब अंगणातून आत आले ते हातवारे करतच.

"ब्रेमेसाहेब, तिसऱ्या मजल्यावरच्या सगळ्या खिडक्या कलत्या आहेत! हँडलं आली कुठून?"

"बाजारातून," ब्रेमे म्हणाला. "तीन महिने नीट झोप नाही. काल कामावरून आल्यावर जाऊन घेतली. सात मिलिमीटर. मला, बाजूच्या दोघांना, कोपऱ्यातल्या वेल्डरला. बाकीच्यांनी आपापली घेतली."

"हे चालणार नाही."

"हॉटेलच्या नियमांत दाखवा कुठे लिहिलंय, पाहुण्याने स्वतःचं हँडल आणू नये. मी काल दोनदा वाचले. किटलीबद्दल आहे, कुत्र्याबद्दल आहे. हँडलबद्दल नाही."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी कॉफीत हसलं.

"अहो, पण दिवसभर कलती खिडकी ठेवलीत तर सगळी ऊब निघून जाईल," साहेबांचा आवाज उतरला. "त्यापेक्षा दहा मिनिटं सताड उघडलेली परवडली."

"अगदी बरोबर," ब्रेमे म्हणाला. "पण आम्ही साडेसहाला कामावर जातो. दहा मिनिटांनी बंद कोण करणार? ते काम पिचिकबाईंचं. आणि त्यांना तर तुम्ही काढताय म्हणे." मग त्याने अंड्यावर मीठ भुरभुरलं आणि तो विषय त्याच्यापुरता संपला.

मला तेव्हा विशेष वाटलं नव्हतं ना त्या मापाचं, ते मी मागे घेते. एका मुठीला जप्त करता येतं. सात मिलिमीटर कसे जप्त करणार?

शुक्रवारी दुपारी पाहुणे गेले. ऑफिसात हीटर चालू, प्रिंटर गरम, खिडकी ठार बंद. हवा इतकी जड झाली होती की कागदसुद्धा मऊ पडले होते. साहेबांनी कॉलर सैल केली. दोन दिवस ते सहीसाठी पेन उचलत होते आणि खाली ठेवत होते.

बाई आल्या. एप्रन काढलेला, अंगात बाहेरचा कोट. हात कोटाच्या खिशात घट्ट. आल्या तसं दार त्यांनी सवयीने उघडंच ठेवलं. बोळाच्या टोकाला मागचं दारही सताड होतं. रिकाम्या बाटल्यांचे क्रेट न्यायला माणूस आला होता.

"पत्र," बाई म्हणाल्या.

साहेबांनी मला उचललं आणि पेन शोधलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. मी त्यांच्या हातात तशीच राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीच्या रिकाम्या भोकाकडे.

"काय कोंदट झालंय इथे," ते पुटपुटले.

"झालंयच," बाई म्हणाल्या. "घ्या दहा मिनिटं. मी थांबते. सही काही पळून जात नाही."

ते उठले. भोकात मला खुपसताना त्यांचा हात अवघडला. कितीतरी दिवसांत त्यांनी खिडकी उघडली नव्हती. मी आडवी झाले. बाहेरची गार, स्वच्छ हवा आत येऊन त्यांच्या तोंडावर आपटली आणि त्यांनी डोळे मिटले. तेवढ्यात मागच्या दारातून आलेला वारा बोळातून ऑफिसात शिरला, टेबलावरून गेला आणि पत्र उचलून माझ्या शेजारून अंगणात घेऊन गेला.

दोघं ते बघत राहिले. कागद एकदा उलटला, मग ओल्या फरशीवर जाऊन बसला.

प्रिंटर हाताच्या अंतरावर होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलंही. मी श्वास रोखला म्हणाना, खिडकीच्या मुठीला जितका रोखता येतो तितका. त्यांनी टेबलावरचं पेन उचललं, टोपण लावलं आणि खणात टाकलं.

"कागद उचलायला हवा तो," ते म्हणाले.

"जाता जाता टाकते निळ्या डब्यात," बाई म्हणाल्या. "कागद निळ्यात जातो. सोमवारी सहाला येते मी."

"या," साहेब म्हणाले. "आणि तळघरातली बादली वर आणा."

बाई निघाल्या. अंगणात कमरेत वाकून त्यांनी पत्र उचललं, डब्याचं झाकण उघडलं, आणि ते लावल्यावर एक हात त्यावर टेकून क्षणभर उभ्या राहिल्या. मग डोळे पुसले आणि बसथांब्याकडे गेल्या.

माझ्या बहिणी परतल्या, प्रत्येकीला आपापली खिडकी मिळाली. मी मात्र अजून साहेबांच्याच ऑफिसात आहे. मला काढायचं त्यांच्या लक्षात नाही, की मनात नाही, विचारलेलं नाही. उद्या दुसरा कुणी मॅनेजर येईल, नवीन यंत्र आणेल, पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर आणेल. येऊ दे. वाचकहो, तुम्हीही कधी कुठल्या बंद खोलीत उतरलात आणि दारामागे तुमच्या सोयीचा कागद दिसला, तर तो पूर्ण वाचा, आणि मग बाजारात जा.