धाकाचा कोड

मित्रांनो, मी एक जुना कीपॅड आहे. दाराशेजारच्या भिंतीवर आकड्यांची जी चपटी पेटी असते आणि घरात पाऊल टाकताच जी टूं टूं करून कोडसाठी मागे लागते, तीच माझी जात. सध्या मी अलार्मवाल्याच्या दुकानात, स्क्रूंच्या डब्यामागे, तारा लोंबकळत पडून आहे. माझे तीनाचे बटण झिजून गुळगुळीत झाले आहे आणि सात कधी उमटतो, कधी नाही. पण ऐकलेले मी काही विसरत नाही. त्याचाच आता त्रास होतो.

माझा जन्म कारखान्यातला. लांबलचक टेबलाशी बसलेल्या एका बाईने माझे प्रत्येक बटण तीन-तीनदा दाबून पाहिले आणि "हा अगदी स्पष्ट बोलतो" असे म्हणून मला खोक्यात घातले. ते माझे पहिले कौतुक. त्याच्या जोरावर मी बरेच दिवस ताठ्यात राहिलो.

पुढे अलार्मवाल्याने मला एका नव्या घराच्या दारामागे बसवले. घरात माणसे तीन: मालक, त्याची बायको आणि सात वर्षांची मुलगी. मुलीला सगळे बबडी म्हणत. चोरांचा बंदोबस्त झाला म्हणून मालक त्या दिवशी भलताच खुशीत होता.

आधी मुख्य कोड घातला गेला, तो अर्थातच मालकाचा. मुख्य कोड ज्याच्याकडे असतो त्याला दुसऱ्यांचे कोड घालता येतात, काढता येतात, आणि कोण किती वाजता आले-गेले तेही वाचता येते. मग अलार्मवाला बबडीच्या आईकडे वळला.

"ताई, तुमचा कोड सांगा. वाढदिवस नको, चोर पहिल्यांदा तोच करून बघतात."

"तिला काय विचारता?" मालक मध्येच म्हणाला. "सदतीस बावन्न टाका. तेवढं राहील तिच्या लक्षात."

"बरं. आता धाकाचा कोड. समजा, कोणी दारातच सुरा दाखवून म्हणालं, कोड दाब. तर शेवटचा आकडा एकानं वाढवायचा. सदतीस बावन्नऐवजी सदतीस त्रेपन्न. अलार्म नेहमीसारखा बंद होतो, चोराला काही कळत नाही, पण गुपचूप मेसेज जातो. कोणाला पाठवायचा तो?"

"मलाच. सगळे मेसेज मलाच."

"एखादा बाहेरचा नंबर दिला तर बरं, साहेब. भाऊ, शेजारी..."

"घरातलं बाहेर कशाला न्यायचं?"

अलार्मवाल्याला पुढच्या घरी जायची घाई होती. त्याने मालकाचाच नंबर टाकला. मीही तो मुकाट्याने गिळला.

मित्रांनो, पहिली दोन वर्षे मी मन लावून काम केले. बबडीची आई भाजी आणायला गेली, अकरा वाजून चार मिनिटे. परत आली, अकरा चाळीस. संध्याकाळी मालक माझ्यासमोर उभा राहून हे सगळे वाचायचा आणि मला वाटायचे, आपल्या कामाची काय कदर आहे या घरात! मग तो आतल्या खोलीकडे तोंड करून विचारायचा, "छत्तीस मिनिटं? भाजीला?" मी मूर्ख होतो. माझ्या काटेकोरपणापायी त्या बाईचा जीव मेटाकुटीला येत होता आणि मी मात्र स्वतःवर खूश.

हळूहळू तिचे बाहेर जाणे सव्वीस मिनिटांवर आले, मग पंधरावर. तिचा फोन मालकाने कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. शेजारीण दोनदा बेल वाजवून परत गेली, तिसऱ्यांदा आलीच नाही.

एका रविवारी दुपारी तिघे बाहेरून आले. कोणाच्या तरी घरी ती मोकळेपणी हसली होती, एवढाच तिचा गुन्हा. मालकाने दारातच तिचा हात पिरगाळला आणि म्हणाला, "दाब कोड." तिने दाबले: तीन, सात, पाच, तीन.

मी धावतच मेसेज पाठवला, आणि कर्कश घंटी वाजली ती मालकाच्या खिशात.

त्याने फोन काढून पाहिले. मला वाटले, आता हा खजील होईल. तो हसला हो! "मदत मागतेस? आलो की मी! दाब, पुन्हा दाब." त्याने तिच्याकडून तो कोड आणखी तीनदा दाबून घेतला आणि तीनदा ती घंटी वाजली. तो कोड त्याने बंदही केला नाही. तिला आठवण राहावी म्हणून तसाच ठेवला. त्या दिवसापासून मला माझ्या आवाजाची किळस आली.

चौथ्या वर्षी माझी बॅटरी फुगली आणि अलार्मवाल्याला बोलावणे भाग पडले. मालक कामावर होता. "दहा मिनिटांत उरका," असे त्याने फोनवर बजावले होते. बबडीला त्या दिवशी सुट्टी होती. बॅटरी बदलताना अलार्मवाल्याने सहज जुन्या नोंदी पाहिल्या.

"ताई, हा धाकाचा कोड दाबलेला दिसतोय. चार वेळा."

"चुकून दाबला असेल."

"चुकून नाही," बबडी म्हणाली. "बाबांनी आईचा हात पिरगाळला होता."

अलार्मवाल्याचा हात थांबला. "आणि मेसेज गेला त्यांनाच. नंबर मीच घातला होता." त्याने लगेच माझी नंबरांची यादी उघडली. "बदलतो. कोणाचा टाकू? भावाचा? बहिणीचा?"

"सगळे नंबर फोनमध्ये होते," ती इतक्या हळू बोलली की शेजारी होतो म्हणूनच मला ऐकू आले. "मला कोणाचाच पाठ नाही."

बबडी पळत जाऊन शाळेची डायरी घेऊन आली. "आमच्या बाईंचा आहे. पहिल्याच पानावर."

अलार्मवाल्याने एकेक आकडा दोनदा पडताळून घातला. "उद्या बाईंना सगळं सांग. म्हणावं, या घरचा मेसेज आला तर पोलिसांना घेऊनच या. साहेबांचे बाकीचे मेसेज तसेच चालू राहतील, फक्त हा जाणार नाही."

"त्यांना कळलं तर?" बबडीच्या आईने विचारले. अलार्मवाल्याने माझे झाकण लावले आणि स्क्रू आणखी घट्ट पिळले.

त्यानंतर सतराव्या दिवशी शाळेत पालकांची सभा होती. मुलगी वर्गात उगाच का दचकते, असे बाईंनी मालकाला चारचौघांत विचारले. तिथे तो गोड हसला असेल. दारात आल्यावर मात्र त्याच्या आवाजाने मीच हादरलो. "दाब कोड. आत चल, मग बघतो."

तीन, सात, पाच, तीन. मी नेहमीसारखा लांब सूर काढला. मालकाने क्षणभर खिशावर हात ठेवून वाट पाहिली. घंटी वाजली नाही. "शहाणी झालीस," असे म्हणून त्याने दार लावून घेतले.

आतल्या खोलीत काय चालले होते ते मी ऐकले, पण तुम्हाला सांगणार नाही. खुर्ची पडली, बबडी ओरडत होती, आणि मग तिच्या आईचा आवाजच बंद झाला. माझ्यात सायरन आहे, पण स्वतःहून वाजायची मला मुभा नाही. मी नुसता मिनिटे मोजत राहिलो.

एकोणीस मिनिटांनी बेल वाजली. बाई होत्या, बरोबर दोन पोलीस. "आमचा घरगुती मामला आहे," मालक म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. "बबडी, दप्तर घे," एवढेच त्या म्हणाल्या.

बबडीची आई भिंतीला धरून बाहेर आली. तिच्या कानातून रक्त ओघळत होते. घरातून निघताना कोड दाबायची इतक्या वर्षांची सवय, तिचे बोट आपसूक माझ्याकडे आले. ते अर्ध्यावर थांबले. मग तिने हात खाली घेतला, मुलीचे बोट धरले आणि किती वाजता निघाली हे मला न सांगता ती गेली.

पुढे ते घर विकले गेले आणि अलार्मवाल्याने मला उतरवून इथे आणले. ती आता बहिणीकडे असते आणि डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही, हे त्याच्याच तोंडून कळले.

मित्रांनो, माझी धूळ पुसा म्हणून मी विनवणार नाही. घराबाहेरच्या एका तरी भल्या माणसाचा नंबर तोंडपाठ ठेवा. आणि तुमच्या वर्गात कोणी उगाच दचकत असेल, कोणाची आई दारापर्यंत येऊन परत फिरत असेल, तर जवळ जाऊन विचारा. बाईंना यायला एकोणीस मिनिटे लागली. त्याआधीची चार वर्षे त्या दारावर एक शेजारीण सोडली तर कोणीच विचारायला आले नव्हते, आणि मला तर आकड्यांपलीकडे बोलताच येत नव्हते. तुम्हाला येते.