नव्वद नंबरचं तेल

मी एक पांढरी मोटार बोलतेय. रत्नागिरीच्या रस्त्यांवर तुम्ही मला पाहिलं असेल. पुढचा बंपर थोडा वाकलाय, मागच्या काचेला तडा आहे. या गोष्टींचं मला काही वाटत नाही. वापरातल्या वस्तूला ओरखडे पडायचेच. पण माझ्या पोटात एकदा जे ओतलं गेलं, ते आठवलं की आजही मला किळस येते.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. १९९९ साली मी ट्रकवर चढून रत्नागिरीला आले आणि राजिवड्यातल्या फारुकच्या दारात उतरले. फारुक कुवेतला नोकरीला. सुट्टीवर आला, मला विकत घेतलं, सगळ्या नातेवाइकांना एकेक फेरी मारून आणलं आणि महिन्याभरात परत गेला. मी राहिले त्याच्या बायकोकडे, हफीजाकडे.

हफीजा गाडी चालवायला शिकली. मोहल्ल्यातल्या बायका खिडकीतून बघायच्या आणि पुरुष बघत नाही असं दाखवून बघायचे. तिने आणखी एक गोष्ट केली, जी त्या पुरुषांपैकी कुणीच कधी केली नव्हती. डॅशबोर्डच्या कप्प्यातलं माझं पुस्तक तिने शब्दकोश घेऊन, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं.

त्यात तेलाचं पान होतं. कुठल्या हवेत कुठल्या जाडीचं तेल घालावं, त्याचा तक्ता होता. हफीजाने ते आपल्या मुलीला, शिफाला, स्वयंपाकघरात समजावलं. "हे बघ, थंडीत खोबरेल कसं गोठतं? बाटली उलटी केली तरी पडत नाही. तसं गाडीचं तेल गोठलं तर सकाळी ते वर चढणार कसं? आणि कढईत तापलं की पाणी होतं, तसं झालं तरी उपयोग नाही. म्हणून डब्यावर दोन आकडे. पहिला गार असतानाचा, दुसरा तापल्यावरचा."

माझ्यासाठी टेन डब्ल्यू थर्टी लिहिलं होतं. ती आप्पाच्या गॅरेजात गेली. आप्पा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा, मोटारीही करायचा.

"भाभी, ह्या तेल नाय, पाणी हाय पाणी!" डबा बघून आप्पा हसला. "आमच्या बोटीत चाळीस नंबर जाताय. तेल कसा जाड पायजे."

"बोटीत घाला," हफीजा म्हणाली. "गाडीत हेच."

आणि तो ते ओतेपर्यंत ती तिथून हलली नाही. चार वर्षं असंच चाललं. दर खेपेला ती हातखंब्याच्या दुकानातून डबा आणायची, दर खेपेला आप्पा हसायचा. माझा आवाज त्या काळात कसा होता म्हणून सांगू! लाल दिव्यापाशी उभी राहिले तर शेजारच्या रिक्षावाल्याला वाटायचं, गाडी बंदच आहे.

२००३ मध्ये फारुक कायमचा परत आला. पहिल्याच दिवशी त्याने किल्ली हफीजाच्या पर्समधून काढून आपल्या खिशात टाकली. मागितली नाही, काढली. पुढे तेल बदलायची वेळ आली तेव्हा आप्पाच्या गॅरेजात हफीजाने पुस्तक उघडून त्याच्यासमोर धरलं. त्याने बघितलंसुद्धा नाही.

"कुवेतला आम्ही पन्नास नंबर घालायचो. माझी उभी हयात गाड्यांत गेली, तू मला शिकवतेस?"

कुवेतला तो एका कंपनीच्या गोदामात कारकून होता. हे हफीजाला ठाऊक होतं, पण ती चारचौघांत बोलली नाही. आप्पाने खुशीत पन्नास नंबर ओतलं. दोघे माझ्या बॉनेटवर कोपरं टेकून चहा प्यायले आणि जाड तेलाचे गुण गात राहिले.

काय झालं ते मी सांगते. सकाळी किल्ली फिरली की माझे वरचे भाग कोरडेच एकमेकांवर घासायचे. तेल खालीच बसलेलं, काकवीसारखं, सावकाश चढणारं. ते पोचेपर्यंत फारुक जोरात पाय दाबून गल्लीबाहेर पडलेला असायचा. त्यातून ते बदलायचं नावच नाही. जाड आहे, टिकतं, म्हणे. काळं डांबर झालं तरी तेच. दोन वर्षांत माझ्या छातीत टकटक सुरू झाली.

"आवाज ऐकू येतोय का?" हफीजा विचारायची.

"तुला भास होतात," फारुक म्हणायचा.

पुढे तो आवाज त्यालाही ऐकू आला, तेव्हा त्याने मला विकायचं ठरवलं.

भाट्याची हिरा त्यांच्याकडे गेली बारा वर्षं मासे घेऊन यायची. तिचा नवरा बाबल्या बोटीवर पाठ दुखावून घरी बसला होता. समुद्रावर जाणं बंद झालं म्हणून त्याने बोटीतला आपला वाटा विकला होता. एक गाडी घ्यायची आणि स्टेशनवरून ओळखीच्या माणसांची ने-आण करायची, असा त्याचा विचार होता. तोच गिऱ्हाईक म्हणून आला.

हफीजा तेव्हा शिफाच्या बाळंतपणासाठी तिच्या सासरी, दापोलीला गेलेली. बाबल्या यायच्या आदल्या दिवशी आप्पा आला. त्याने माझं काळं तेल काढलं आणि एक डबा फोडला. ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये घालतात ते नव्वद नंबरचं तेल. कुजक्या अंड्यांसारखा त्याचा वास. मधासारखं दाट, चिकट, ते माझ्या नसानसांत उतरलं आणि झिजलेल्या सगळ्या फटी त्याने बुजवल्या. माझी टकटक थांबली.

"बघा," आप्पा म्हणाला. "म्हातारीला झोपेची गोळी दिली."

फारुक हसला. मला ओकारी आली असती तर मी तिथेच ओकले असते.

दुसऱ्या दिवशी बाबल्या आला. बोटीच्या इंजिनाशेजारी वीस वर्षं काढलेला माणूस. त्याने माझ्या बॉनेटला कान लावला. मला ओरडायचं होतं. पण त्या चिकट तेलात माझा आवाजच बुडाला होता.

"गोड चालताय," तो हिराला म्हणाला.

"बायकोच्या हातची गाडी आहे," फारुक म्हणाला. "तिने लेकरासारखी जपली."

"भाभीची गाडी, मग बघूक नको," हिरा म्हणाली.

मला सगळ्यांत जास्त किळस आली ती याच क्षणी. हिराच्या बोलण्याची नव्हे. जिची किल्ली न विचारता काढून घेतली, तिचंच नाव माल खपवायला वापरलं, त्याची.

पाचव्या दिवशी सकाळी बाबल्या एका कुटुंबाला घेऊन स्टेशनकडे निघाला. त्यांना मुंबईची गाडी पकडायची होती. चढावर माझा श्वास अडकला. तेल वर चढेना, आतलं लोखंड लोखंडाला चिकटलं आणि मी जागच्या जागी गच्च झाले. मागून येणारा ट्रक हातभर अंतरावर थांबला. मागच्या सीटवरची लहान मुलगी किंचाळली. त्यांची गाडी चुकली. बाबल्या रस्त्याच्या कडेला बसला आणि आपल्या हातांकडे बघत राहिला.

त्याच दुपारी हफीजा दापोलीहून एसटीने परतली. अंगणाच्या कोपऱ्यात तिला नव्वद नंबरचा रिकामा डबा दिसला. ती तो हातात घेऊन उभी असतानाच हिरा दारात आली. टोपलीशिवाय.

"भाभी, माफ करा," हिरा म्हणाली. "तुमची गाडी आमी मोडली. ह्यांचा हात बोटीवरचा, जड. कायतरी चुकला असंल त्यांचा. सकाळपासून जेवले नायत."

फारुक आत खुर्चीत बसून ऐकत होता. हिराला माफी मागू देत राहिला.

हफीजाने डबा तिच्यापुढे धरला. "बाबल्याने काही मोडलं नाही. गाडी आमच्या घरातच मेली होती. हे घालून तुम्हाला दिली."

हिराने वाकून डबा हुंगला. मग ती फारुककडे वळली.

"शेठ, बारा वर्षं तुमच्या दारात येते मी. एकदा तरी कल्ले उघडून दाखवल्याशिवाय मासा दिलाय तुमाला?"

फारुक उठला. "जुनी गाडी आहे, जुन्या गाडीत असं होतंच. आणि मच्छीवाल्यांना आतलं काय..."

"पुरे," हफीजा म्हणाली. "इंजिन मी उतरवून दुरुस्त करून देणार. तुम्ही काय केलंत ते स्वतः लोकांना सांगा, नाहीतर मी सांगते. मशिदीतून सगळे बाहेर पडतील तेव्हा, हा डबा घेऊन."

मला हातखंब्याला ओढून नेलं. तिथल्या मिस्त्रीने माझं पोट उघडलं तेव्हा त्याने नाकाला फडकं लावलं. पंधरा दिवस हफीजा रोज एसटीने यायची आणि स्टुलावर बसून राहायची. बाबल्याही यायचा. तिने त्याला तेलाचे आकडे वाचायला शिकवले. तो ते मोठ्याने म्हणायचा, देवाचं नाव घ्यावं तसं.

हिरा मात्र त्या घरी पुन्हा मासे घेऊन गेली नाही. हफीजानेही तिला बोलावलं नाही. काही गोष्टी इंजिनासारख्या उघडून धुता येत नाहीत.

आता २००८ चालू आहे. मी भाट्याला राहते. सकाळी बाबल्या तेल मोजायची पट्टी काढून पुसतो, पुन्हा बुडवून बघतो, किल्ली फिरवतो आणि मिनिटभर थांबतो. आप्पाचं गॅरेज जोरात चालू आहे. तो अजून तेच जाड तेल विकतो आणि लोक अजून रांग लावतात.

गेल्या आठवड्यात स्टेशनबाहेर फारुक दिसला. मुंबईहून आला होता, हातात दोन बॅगा. रिक्षा सगळ्या निघून गेलेल्या. बाबल्याने माझं मागचं दार उघडलं.

"बसा शेठ. तिकडंच जाताव."

फारुकने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी सुरूच होते, पण त्याला माझा आवाज आला नसावा, इतकी शांत होते. त्याने नकारार्थी मान हलवली, बॅगा उचलल्या आणि भर उन्हात शहराच्या दिशेने चालू लागला.

बाबल्याला वाईट वाटलं. मला नाही वाटलं.

तुमच्या दारातही माझ्यासारखी कुणी उभी असेल. तिला काय मानवतं ते तिच्या पुस्तकात लिहिलंय. एवढं एक पान वाचा. नसेल वाचायचं तर निदान तिचं तोंड बंद करून तिला दुसऱ्याच्या गळ्यात बांधू नका.