ओली गाठ

"एक बोट तरी जाऊ द्या मध्ये, सासूबाई. नर्सने किती वेळा सांगितलंय."

"तुझं बोट त्या मानेला लागू दे, मग बघ. मुळासकट उपटून हातात देईन."

दातात नाडीचं एक टोक, मुठीत दुसरं, आणि समोर पलंगावर मान पुढे काढून बसलेला नवरा. जमादारणीने नाडी वाटीतल्या पाण्यात पुन्हा बुडवली, पिळली, त्याच्या गळ्यातल्या नळीच्या दोन्ही कानांतून ओवली आणि नवऱ्याच्या मानेमागे करकचून गाठ मारली. तिच्यावर आणखी एक. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले. त्या प्लास्टिकच्या नळीतून फुस्स करून हवा बाहेर आली. त्या घरात आता त्याची तेवढीच तक्रार ऐकू यायची.

सून दारात उभी होती. पदराला हात पुशीत म्हणाली, "माणसाची मान आहे ती."

"तू सांगणार मला? संसार तू केलास का त्यांच्याशी?"

जमादारीण हे तिचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता तिलाही आठवून सांगावं लागलं असतं. सगळा जन्म लाँड्रीत गेला. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, टेबलांवरची कापडं. वाफेत उभं राहून मोजायची आणि गठ्ठे बांधायचे. हाताखाली बारा बायका, आणि बाराही जणी तिच्या तोंडाला भिऊन. गठ्ठा बांधायची तिची एक रीत होती. नाडी आधी ओली करायची. ओली नाडी वाळली की आवळते, गाठीचा दगड होतो, मग गठ्ठा ट्रकातून खाली फेका नाहीतर लाथा घाला, सुटायचं नाव नाही. "जमादारणीची गाठ कापावी लागते, सुटत नाही," असं गिऱ्हाइकं वैतागून म्हणायची. ती ते शालजोडी अंगावर घ्यावी तसं घ्यायची.

नवरा बसवर कंडक्टर. "पुढे चला, पुढे सरका" म्हणत त्याचा जन्म गेला, आणि शेवटी त्याच घशात मांस वाढलं. सर्जन म्हणाला, वरचा रस्ता बंद होत आलाय, खालून दार काढावं लागेल. गळ्याला भोक पाडलं, नळी बसवली. श्वास तिथून सुरू झाला आणि बोलणं संपलं. जमादारीण सर्जनला म्हणाली, "आमच्या घरात बोलायला मी आहे. तुम्ही श्वासाचं बघा." सर्जन हसला. हसण्यासारखं त्यात काय होतं ते तिला कळलं नाही.

आता सुनेचं. दोघींचं आधीही सख्य नव्हतं, पण निदान एका ताटातलं उष्टं दुसरीला चालायचं. वॉर्डात ते संपलं. नळी बसवून थोडेच दिवस झाले होते, आणि त्या दिवशी उशाशी सून बसली होती. म्हातारा सारखा खुणा करत होता, नाडी टोचते, नाडी टोचते. सुनेला दया आली. तिने नाडी सैल केली. तेवढ्यात खोकल्याची मोठी उबळ आली आणि नळी बाहेर येऊन छातीवर पडली. जमादारीण चहा घेऊन आली तेव्हा नवऱ्याचे ओठ निळे झाले होते, पाय गादीवर आपटत होते, आणि सून दारात उभी राहून नर्सला हाका मारत किंचाळत होती. नर्स धावली, नळी परत बसली, माणूस वाचला. मग जमादारणीने तोंड सोडलं. "गळा दाबला असतास तर एकदाच पाप लागलं असतं! दया करून मारतेस होय?" साऱ्या वॉर्डाने ऐकलं. सुनेने खाली मान घालून ऐकून घेतलं. पण तोवर जिला ती 'आई' म्हणायची, तिला त्या दिवसापासून 'सासूबाई' म्हणू लागली.

घरी सोडायच्या आधी नर्सने दोघींना समोर बसवून शिकवलं. मशीनने कफ कसा ओढायचा ते जमादारणीने बघताबघता उचललं, हात वाकबगारच होता. नळी कफाने बुजली तर जुनी काढून नवी कशी घालायची, हे दाखवायची वेळ आली तेव्हा मात्र ती उठून खिडकीशी गेली. नवऱ्याच्या गळ्यातलं उघडं भोक तिला बघवत नव्हतं. ते कबूल करणं जिवावर आलं, म्हणून म्हणाली, "नळी बदलायला तुम्ही आहात की. मग इथे ठेवलंय कशाला तुम्हाला?" सुनेने नर्सच्या देखत एकदा नळी बसवली. जमादारीण पाठ करून उभी होती आणि रस्त्यावरच्या रिक्षा मोजत होती.

नर्सने आणखीही सांगितलं होतं. नळीत अधूनमधून मिठाच्या पाण्याचे थेंब सोडा, नाहीतर कफ वाळून खपली धरेल. नाडीखालून एक बोट सहज जायला हवं. कात्री कायम उशाशी ठेवा. जमादारणीने तिन्ही गोष्टी ऐकल्या आणि तिन्ही मोडीत काढल्या. थेंब सोडले की खोकला येतो, आणि खोकल्याने नळी कशी उडते ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. बोटभर जागा म्हणजे सैल नाडी. तेही पाहिलं होतं. आणि कात्री? एका दुपारी तिचा डोळा लागला असताना सुनेने तिची गाठ कापून नाडी ढिली बांधली होती. त्या दिवसापासून कात्री कपाटात आणि कपाटाची किल्ली हिच्या कमरेला.

आज सकाळी ती गाठ मारून झाली, आणि दुपारी सून बॅग घेऊन बाहेरच्या खोलीत आली.

"मी बहिणीकडे चाललेय. तुमचा लेक ट्रक घेऊन परत आला की सांगा त्याला. म्हणावं, तुझी आई तूच सांभाळ."

"सांगीन की. दार उघडंच आहे. उंबरा ओलांडायला काही मुहूर्त लागत नाही."

"तेवढंच ऐकायचं होतं ना तुम्हाला?"

"ऐकायचं काय त्यात? पाव्हणी जायचीच कधीतरी."

"अकरा वर्षं राबलेली पाव्हणी!" सुनेने बॅग खाली आपटली. "त्यांची मान बघितलीत मागून? सालटं गेलंय. नाडी मांसात रुतलीय. चादरींचा गठ्ठा आहे का तो?"

आतून टकटक ऐकू आली. म्हाताऱ्याकडे तिकिटांना भोक पाडायचा जुना पंच होता. बोलता येत नव्हतं म्हणून त्या पंचाने तो पलंगाचा लोखंडी दांडा वाजवायचा. पाणी हवं तर एकदा. आणि या दोघी भांडायला लागल्या की न थांबता, पुरे करा म्हणून.

"ऐक, वाजवायला लागले," जमादारीण म्हणाली. "तुझ्या किरकिरीने झोप मोडली त्यांची."

"माझ्या? आरडाओरडा कोण करतंय?"

"मी मोठ्याने बोलते. मनात एक आणि ओठावर एक असलं मला जमत नाही. तो माणूस जिवंत आहे ना? माझ्या गाठीने जिवंत आहे. तुझ्या दयेवर सोडला असता तर एव्हाना फोटो भिंतीवर असता."

सुनेचा चेहरा पांढरा पडला. "किती दिवस ऐकवणार आहात ते?"

"तू मरेस्तोवर. नाहीतर मी मरेस्तोवर. आधी जाईल तिची सुटका."

टकटक, टकटक, टकटक. आज त्याने अगदी उच्छादच मांडला होता.

"अहो, गप्प पडा की जरा!" जमादारीण भिंतीकडे तोंड करून ओरडली. "बायकांच्या बोलण्यात कशाला खुटखुट?"

टकटक थांबली.

"बघ," ती म्हणाली, "त्यांनासुद्धा तुझा वीट आला."

सून फोनचा चार्जर घ्यायला आत गेली. आणि आतून तिची जी हाक आली, ती ऐकून जमादारीण धावली. त्या हाकेत शब्द नव्हता.

म्हातारा भिंतीला रेलून बसला होता. पंच गादीवर पडलेला. ओठांना तोच वॉर्डातला रंग. छाती भात्यासारखी आत ओढली जात होती, पण नळीतून हवेचा आवाज नव्हता. फुस्स नाही, काही नाही.

जमादारणीने मशीन चालू केलं, बारीक रबरी नळी गळ्यातल्या नळीत घातली. बोटभर गेली आणि अडली. पुन्हा घातली. पुन्हा अडली. आत काहीतरी कडक होतं.

"जात नाहीये," ती म्हणाली. "का जात नाहीये?"

"बुजलीय! खपली धरलीय! काढा ती, सोडा गाठ!"

जमादारणीने त्याची मान पुढे वाकवली आणि गाठीला नखं लावली. सोडा आणि वाफ खाऊन झिजलेली नखं. गाठ हलेना. दातांनी ओढली. हलेना. तिची गाठ होती ती, वाळून दगड झालेली.

"कात्री कुठाय?"

"कपाटात..." ती कमरेला किल्ली चाचपू लागली. किल्ली परकराच्या नाडीतून सुटेना. म्हाताऱ्याचे डोळे वर फिरू लागले.

सून स्वयंपाकघरातून सुरी घेऊन आली. भाजी चिरायची, लांब पात्याची. एका हाताने तिने सासऱ्याचं डोकं धरलं आणि पातं मानेपाशी नेलं, आणि तिथेच थांबली. नाडी कातडीला इतकी घट्ट चिकटली होती की नाडीबरोबर मान कापली गेली असती.

"जागाच नाही," सून म्हणाली. ती रडत होती आणि रडताना दात खात होती. "जागाच ठेवली नाहीत तुम्ही!"

जमादारणीने आपलं मधलं बोट नवऱ्याच्या मानेवर टेकवलं आणि नाडीखाली घुसवलं. सोललेल्या कातडीवरून, जोर लावून, पहिल्या पेरापर्यंत, मग दुसऱ्या. म्हातारा अंगभर आखडला.

"काप," ती म्हणाली.

"तुमचं बोट..."

"काप म्हणते ना, रांडे!"

सुनेने कापलं. नाडी तुटली, बोटही चिरलं. सुनेने नळी खेचून काढली. तिच्या टोकाला गुंजेएवढा काळपट खडा बसला होता. गळ्यातलं भोक उघडं पडलं आणि त्यातून शिट्टीसारखा श्वास आत गेला. या खेपेला जमादारणीने तोंड फिरवलं नाही. सुनेने त्याला आडवं करून खांद्याखाली उशी सारली, हॉस्पिटलातून दिलेली नवी नळी ओली करून आत वळवली, तिच्यातली वाट दाखवायची दांडी उपसली. म्हातारा खोकला, पुन्हा खोकला, आणि त्याच्या ओठांवर माणसाचा रंग आला.

नळी धरून ठेवायला सुनेचे दोन्ही हात गुंतले होते.

"बांधा आता," ती म्हणाली. "कोरडी नाडी. आणि माझं बोट जाईल एवढी जागा ठेवा."

जमादारणीने फडकं बोटाला गुंडाळलं आणि नाडी बांधली. जन्मात पहिल्यांदा तिने ढिली गाठ मारली. ती कशी मारतात हे तिच्या हातांना ठाऊकच नव्हतं, दोनदा सुटली. सून बघत होती.

हॉस्पिटलात फोन लावला. नर्स म्हणाली, श्वास नीट चालत असेल तर उद्या घेऊन या, तोवर थेंब सोडून कफ काढत राहा.

म्हातारा झोपला. दोघी बाहेर आल्या.

"मी तुमच्यासाठी थांबत नाहीये," सून म्हणाली.

"तुला कुणी थांब म्हटलं?"

"एवढंच सांगायचं होतं."

"सांगितलंस ना? मग तोंड बंद कर. मलम दे इकडे."

सुनेने मलमाची डबी टेबलावर ठेवली. हातात दिली नाही.

दिवस कलला तेव्हा कफ काढायची वेळ झाली. जमादारणीने हात धुतले, मशीन जवळ ओढलं आणि रोजच्यासारखी नवऱ्याच्या उशाशी टेकली. म्हाताऱ्याने डोळे उघडले. तिला पाहिलं. मग त्याने सावकाश उजवा हात उचलला आणि पंजा आपल्या गळ्यावर पालथा धरला, नळीच्या पुढे, जसं कुणी वाऱ्यात दिवा झाकतो.

"अहो, मी आहे," ती म्हणाली.

त्याने हात काढला नाही. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर तिला उत्तर सुचलं असतं.

तिने हातातली रबरी नळी परत मशीनवर ठेवली. बाहेर रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, त्याला शिव्या घालायचंही तिला सुचलं नाही. मग ती उठली, दारापर्यंत गेली.

"ये," ती स्वयंपाकघराकडे बघून म्हणाली. "कफ काढायचाय."

सून आली. पलंगाच्या कडेला बसली, तिने थेंबांची बाटली उघडली. म्हाताऱ्याने हात बाजूला केला.

"नीट दिसत नाहीये मला इथून," सून म्हणाली.

जमादारणीने फळीवरचा टॉर्च घेतला, फडकं गुंडाळलेल्या हातात धरला आणि झोत नळीच्या तोंडावर सोडला.

"अजून खाली."

तिने खाली धरला.

"हलवू नका."

"हलत नाहीये," ती म्हणाली, आणि कफ निघेपर्यंत तिने तो हलू दिला नाही.