ब्राइडीच्या नावाआधीचा श्वास

मित्रांनो, मी एक जुनी रेकॉर्ड आहे. काळी, आणि एका काठाला आगीनं वाकडी झालेली. माझ्या वेष्टनावर माझा गायक, फेस्टी लॉर्कन, समुद्राकडे पाठ करून उभा आहे. आधी तो चौघांत गायचा. एकट्यानं गायलेली त्याची पहिली रेकॉर्ड मीच. वर्तमानपत्रांनी मला डोक्यावर घेतलं. लोकांना माझं सगळ्यात आवडलं ते शेवटचं गाणं. ते फेस्टीचं नव्हतंच.

ते डेलिया मोंगनचं होतं. डेलिया कल्हईवाल्यांतली, रस्त्याकडेला घोड्याच्या गाडीत राहणारी. एका थंडीत गावानं त्यांचा तळ उठवला आणि वाटेत तिची लहानगी ब्राइडी तापानं गेली. पुढच्या रविवारी तेच गाव चर्चमध्ये गुडघे टेकून आलं. लाज कुणाला वाटली नाही. डेलियानं पोरीवर गाणं रचलं. फेस्टी तिच्या शेकोटीशी बसून ते शिकला, तेव्हा तिनं एकच अट घातली.

"गा हवं तितकं. पण आधी म्हणायचं, हे ब्राइडी मोंगनचं गाणं. नाव न घेता तोंड उघडलंस तर बघ!"

"अगं डेलिया, गाणं कुणाचं ते सांगितल्याशिवाय आपल्याकडे कुणी गातं का?"

खरंच, तिकडे ते सांगितल्याशिवाय कुणी गात नाही. डब्लिनच्या स्टुडिओतही फेस्टीनं आधी नाव घेतलं. काचेपलीकडचा साहेब म्हणाला, "ही बडबड कापू या. लोकांना गाणं हवंय." फेस्टी मान खाली घालून गप्प बसला. नाव कापलं गेलं. पण नाव घेण्याआधी त्यानं घेतलेला श्वास टेपवर राहिला, आणि तो माझ्या अंगात कोरला गेला. माझ्या सगळ्या बहिणींच्याही. ज्या ज्या घरात आम्ही वाजलो, तिथं कुणीतरी बोलायला तोंड उघडून थांबल्याचा भास झाला.

फेस्टीनं मला डेलियाच्या हातात ठेवलं. तिच्याकडे वाजवायचं यंत्र नव्हतं. म्हणून ती मला घेऊन गावातल्या पबच्या दाराशी गेली. दारावर पाटी होती: कल्हईवाल्यांना प्रवेश नाही.

"तिथंच थांब हां," मालकीण सबाइना म्हणाली. "रेकॉर्ड दे, लावते. पाय आत नको."

"तुझ्या दारूच्या वासात यायची मला हौस नाही, बाई. खिडकी तेवढी उघडी ठेव."

डेलिया खिडकीशी उभी राहिली. सुई फिरत फिरत शेवटच्या गाण्यापाशी आली. श्वास ऐकू आला. डेलियाचे ओठ नावासाठी उघडले, आणि थेट गाणंच सुरू झालं.

फेस्टी आतच बसला होता. लोक त्याची पाठ थोपटत होते.

"फेस्टी," ती खिडकीतून म्हणाली, "माझी पोर कुठंय?"

"पुढच्या वेळी घालू गं नाव..."

"गावानं तिला रस्त्यावरून हाकललं. तू गाण्यातून हाकललंस. गावाला निदान तिचं नाव तरी माहीत नव्हतं! आता तुझ्या तोंडून ते कधी निघता कामा नये."

सबाइनानं खिडकी लावून घेतली.

त्यानंतर फेस्टी अडकला. नाव घ्यायची मनाई, आणि नावाशिवाय गायची हिंमत नाही. लोक आग्रह करायचे, तो नुसता श्वास घ्यायचा आणि खाली बसायचा. "भाव खातोय लेकाचा," लोक म्हणायचे.

डेलियानं मला अंथरुणाखाली ठेवलं. फेकलं नाही, पुन्हा वाजवलंही नाही. ती गेल्यावर त्यांच्या रीतीप्रमाणे तिची गाडी, कपडे, भांडी, सगळं पेटवलं. मीही त्यात होते. माझा काठ वाकू लागला, तेवढ्यात तिच्या मुलानं, मार्टिननं, मला काठीनं बाहेर ओढलं आणि लांब उभ्या फेस्टीच्या पायाशी फेकलं.

"ही घेऊन जा. आईचं असेल तेच आम्ही जाळतो. हिच्यात आमची ब्राइडी नाही."

आगीनंही मला नाकारलं, मित्रांनो.

आता फेस्टी म्हातारा झालाय. तो मला लावतो. वाकडेपणामुळे आवाज हेलकावतो, जणू कुणी थंडीनं कुडकुडतंय. श्वास येतो. फेस्टी तोंड उघडतो, मिटतो. मनाई उठवणारी उरली नाही.

मित्रांनो, दुसऱ्याचं दुःख गाऊन टाळ्या घेणार असाल, तर आधी ते कुणाचं आहे ते सांगा. आणि माझं ते शेवटचं गाणं कुठं कानावर आलं, तर त्या श्वासापाशी माझ्यासाठी एवढं करा. तुम्हाला कुणी मनाई केलेली नाही. मोठ्यानं म्हणा:

ब्राइडी मोंगन.